करदोट्याला बांधलेलं जुनं

आप्पांनी मिशी काढली तेव्हा ती फेकली नाही. कागदाच्या पुडीत बांधली, पुडीवर ‘मिशी, जुनी’ असं लिहिलं आणि ऑफिसातल्या आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. मी विचारलं, “आप्पा, हे काय हो?” तर म्हणाले, “ताई, नवं तोंड जमलं न्हाई तर? जुनं असावं मानसाकडं.” कापलेली मिशी परत चिकटवणार कशी, हे मी विचारलं नाही. आप्पांना पुढचा प्रश्न विचारला की हातातला चहा गार होतो, हा माझा नेहमीचा अनुभव होता.

आमची कंपनी बियाण्याची. जालना एमआयडीसीत शेजारी लोखंडाच्या मिलचा धडाका दिवसभर चालू, आणि इकडे आम्ही कपाशीचं, हरभऱ्याचं बी निवडायचो, त्याला औषध आणि रंग लावायचो, पिशव्यांत भरून टेम्पोत चढवायचो. मी लेबल विभागात. मस्तगडहून रोज स्कूटीवर यायचे आणि माझं टेबल बरोबर आप्पांच्या समोर. देवाचं दर्शन कधीमधी चुकलं असेल, आप्पांचं चुकलं नाही.

आप्पा मूळचे आमच्या जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे. आधी टायपिंगच्या क्लासात शिकवायचे. तो बंद पडला, मग आमच्याकडे कॉम्प्युटर सांभाळायला आले. आले ते आमच्या सगळ्या फायली त्यांनी साध्या मजकुराच्या करून टाकल्या. लेबलं, पत्रं, करार, मीटिंगची टिपणं, शेठजींची भाषणंसुद्धा. चित्र नाही, रंग नाही, ठळक अक्षर नाही. कारण आप्पांकडे एक काळी खिडकी होती. स्क्रीनवर काळा चौकोन उघडायचा, त्यात पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ लिहायची आणि एन्टर दाबायचं, की कंपनीतल्या सगळ्या फायलींतून एक शब्द जायचा आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसायचा. आम्ही चौघी बायका एकेक फाइल उघडून आठवडाभर जे खोडत बसलो असतो ते आप्पा चहाच्या दोन घोटांमध्ये करायचे आणि वर म्हणायचे, “माउसला हात लावनारा मानूस बिलकुल आळशी.”

त्या ओळीच्या शेवटी ‘जी’ हे अक्षर लावलं की शब्द सगळीकडे बदलतो. नाही लावलं तर प्रत्येक ओळीत पहिल्यांदा सापडेल तेवढाच. हे आम्हाला आमच्या पोरांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ झालं होतं, कारण आप्पा सगळं जगच तसं चालवायचे. चहावाल्यानं विचारलं, “आप्पा, साखर कमी टाकू का?” तर हे विचारणार, “ह्याच कपात, का जी लावून?” घरून काकूंनी फोनवर सांगितलं, तिखट खाऊ नका, तर ह्यांचं तेच, “आजच्या दिवस, का जी लावून?” काकू एकदा हळदीकुंकवाला भेटल्या तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ओ ताई, ह्यांनी माझं बी जुनं कुठं ठेवलंय का बघा बरं. लग्नात मी लय शांत होते.”

जुनं म्हणजे काय ते सांगते. काही बदलायच्या आधी जसं आहे तसं एक बाजूला ठेवायचं, त्याला आप्पा जुनं म्हणत. नवा चष्मा डोळ्यांवर, तर जुना कपाळावर. चपलेचा एक जोड पायात, एक पिशवीत. डबे दोन आणायचे. एक खायचा आणि दुसरा संध्याकाळी जसाच्या तसा घरी न्यायचा, कारण पहिला सांडला असता तर? आणि ऑफिसातल्या सगळ्या फायलींचं जुनं एका पेनड्राइव्हमध्ये, आणि तो पेनड्राइव्ह कमरेच्या करदोट्याला. हो, करदोट्याला! जुनी फाइल परत काढायची वेळ आली की आप्पा भिंतीकडं तोंड करायचे, शर्ट वर घ्यायचे, आणि आम्ही चौघीजणी छताचा पंखा बघत बसायचो. “ऑफिसात ठेवला तर आग लागंल, घरी ठेवला तर चोर येईल. कमरंला असला म्हंजे मी जाईन तवाच जाईल,” असं त्यांचं म्हणणं. त्यांना लाज नव्हती आणि आम्हाला इलाज नव्हता.

हे वेड आधीपासून होतं, पण वाढलं ते लातूरमुळे. एका हंगामात शेठजींनी तुरीचं बी बंद करून हरभरा घ्यायचं ठरवलं. आप्पांनी काळी खिडकी उघडली, ‘तूर’ काढून ‘हरभरा’ घातला, जी लावून. मशीनला काय, तूर दिसली की काढ! दुसऱ्या दिवशी रशीदभाई टेम्पोवाल्यांचा रस्त्यातून फोन. “आप्पा, पावती पे लाहरभरा लिखेला है. ये लाहरभरा किधर पडता? अंबड से जाऊं के मंठे से?” सगळं ऑफिस टेबलावर डोकं टेकून हसलं. लातूरची माझी सख्खी मावशी तेव्हापासून लाहरभऱ्याला राहते. आप्पा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत; दोन्ही डबे परत गेले.

त्यानंतर त्यांनी एन्टरचा विधी सुरू केला. आधी चपला काढायच्या. मग उभं राहायचं. मग ओरडायचं, “हात वर!” कुणी एखादी फाइल उघडून त्यात लिहीत बसलं असेल तर घोटाळा होतो, म्हणून एन्टर दाबेपर्यंत ऑफिसातल्या प्रत्येकानं दोन्ही हात वर धरायचे. पाहुण्यांना सूट नाही. एकदा बँकेचे साहेब आले होते, नवीन होते बिचारे. चहाचा कप तोंडाला लावतात न लावतात तोच “हात वर!” त्यांनी कपासकट हात वर केले आणि पाकीट कुठल्या खिशात आहे ते आपणहून सांगितलं. हात वर झाले की ज्यानं काम सांगितलं त्याला आप्पा तीनदा विचारायचे, “सगळीकडं?” त्यानं तीनदा “सगळीकडं” म्हणायचं. मग एन्टर. एकदाही त्यांनी हा विधी टाळला नाही, आणि आमच्या कंपनीचं पुढं जे काय झालं ते ह्या विधीनंच झालं.

आमचे शेठ दोघं भाऊ. थोरले माधवशेठ, धाकटे केशवशेठ. वडलांनी बसवलं तसेच बसलेले, एका केबिनमध्ये, एका टेबलाला, समोरासमोर. दोघं जेवायचे एका डब्यातून आणि भांडायचे एका आवाजात. बाहेरून ऐकणाऱ्याला कोण बोलतंय ते कळायचं नाही. अशी वर्षं गेली. आणि मग तुटलं ते कशावरून, तर कपाशीच्या बियाला लावायच्या रंगावरून. वडलांच्या वेळेपासून आमचं बी गुलाबी. माधवशेठ लग्नाला बाहेरगावी गेले असताना केशवशेठनी एक अख्खी खेप निळी काढली. का, तर निळ्यात धूळ दिसत नाही.

“वडलांचा रंग बदलला! मला न विचारता!” माधवशेठ ओरडले.

“रंग बदलला, बी तर तेच हाये ना!” केशवशेठ ओरडले.

त्याच्यावरून वाटण्यांपर्यंत गेलं. केशवशेठनी समोरच्याच प्लॉटवर एक शटर भाड्यानं घेतलं आणि दारात खुर्ची टाकून आमच्या गेटकडे तोंड करून बसू लागले. इकडे माधवशेठ खिडकीपाशी त्यांच्याकडे पाठ करून बसत. मध्येच वळून बघत. गोडाऊनच्या मध्यावर भिंत घालायची म्हणून विटा येऊन पडल्या. भिंत उठली की कंपनी दोन होणार, आणि लेबलाला दोन्हीकडे मिळून दोन बायका बास होणार. आम्ही होतो चौघी. पॅकिंगवाल्यांचं, हमालांचंही तेच. कुणीतरी घरी बसणार होतं आणि कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं.

अशात एक दिवस माधवशेठ केबिनमधून बाहेर आले ते थेट आप्पांच्या टेबलापाशी.

“आप्पा, त्याचं नाव मला कंपनीच्या एका बी फायलीत दिसता कामा न्हाई. जिथं केशव लिहिलंय तिथं माधव करा.”

आप्पांनी कपाळावरचा जुना चष्मा उतरवून पुसला, परत कपाळावर चढवला. “नुसतं लेबलावर?”

“जी लावून!” शेठसुद्धा इतके आमच्यातले झाले होते.

आप्पांनी चपला काढल्या. उभे राहिले. “हात वर!” आम्ही हात वर केले.

“सगळीकडं?”

“सगळीकडं.”

“शेठ, सगळीकडं?”

“सांगितलं ना, सगळीकडं!”

तिसऱ्यांदा आप्पांनी आवाज खाली घेतला. “मालक, सगळीकडं?”

माधवशेठनी खिडकीतून समोरच्या शटरकडे बघितलं आणि म्हणाले, “दाबा.” आप्पांनी दाबलं. माणूस गेला म्हणायला सुद्धा एवढा कमी वेळ लागत नाही हो!

मग जे सुरू झालं ते काय सांगावं. त्या महिन्यात फळ्यावर वाढदिवस लागले त्यात माधवशेठचे दोन. पॅकिंगच्या पोरींनी दोन्ही वेळा केक आणला. शेठनी दोन्ही वेळा कापला आणि दुसऱ्या वेळी म्हणाले, औंदा वर्ष लवकर संपून राह्यलं. दुकानदारांच्या मेळाव्यात दरवर्षीचं भाषण छापून हातात दिलं होतं, ते वाचता वाचता म्हणाले, “मी माधव आणि माझे धाकटे बंधू माधव, आम्ही दोघं आपलं स्वागत करतो.” एक शब्द मागे घेतला नाही! वर दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या.

पण कळस झाला तो नोटिशीचा. भांडणाच्या पहिल्या आठवड्यातच शेठनी धाकट्याला द्यायची एक नोटीस तयार करून ठेवली होती. ‘माधवशेठ यांजकडून केशवशेठ यांस’. पाठवायचा धीर होत नव्हता म्हणून ती फायलीतच पडून होती. एका दुपारी जोर आला आणि म्हणाले, काढा ती, आजच रजिस्टर पोस्टानं जाऊ द्या. छापली, समोर धरली, शेठनी वाचायची तसदी न घेता सही ठोकली. आता पाकिटावर नाव आमच्या शेठचं, पत्ता आमच्या गेटचा. पोस्टमननं ती इमानेइतबारे आणून त्यांच्याच हातात दिली.

शेठ उभ्या उभ्या वाचू लागले. “‘आपण माझा विश्वासघात केला आहे. आपला आणि माझा संबंध संपला आहे. आपण या कंपनीत पाऊल ठेवू नये.’ अरे! कोन हरामखोर मला माझ्या कंपनीतून काढून राह्यला?” आणि खाली बघतात तर स्वतःची सही.

त्यात कपाशीचा हंगाम तोंडावर आलेला. आमच्यासाठी शेतात बी पिकवणारे शेतकरी अर्धे माधवशेठ बघायचे, अर्धे केशवशेठ. आता सगळ्यांच्या करारावर माधवच. फोन थांबेनात. “शेठ, तुम्ही आमच्या शिवारात येतो म्हन्ले होते, बराबर ना?” शेठना गाव माहीत नाही, माणूस माहीत नाही, काय बोललं गेलं ते माहीत नाही. असे चार दिवस गेले आणि शेठ पुन्हा आप्पांच्या टेबलापाशी आले.

“आप्पा, बास झालं. जुनं काढा.”

आम्ही चौघींनी सवयीनं पंख्याकडे बघायला सुरुवात केली. पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही.

“जुनं न्हाई, शेठ,” आप्पा म्हणाले.

“काय?”

“ह्या येळेला घ्यायचं राह्यलं.”

मी पंखा सोडून आप्पांकडे बघितलं. कपाळावर जुना चष्मा. टेबलाखाली पिशवीत जुन्या चपला. खिडकीत दुसरा डबा. आणि आप्पांचा डावा हात शर्टावरून कमरेवर गच्च, पोटात कळ आल्यासारखा. मी बाकीच्या तिघींकडे बघितलं. तिघी पंख्याकडेच बघत होत्या, इतकं कधी कुणी पंख्याकडे बघितलं नसेल.

“अहो, मिशीचं जुनं ठेवता तुम्ही!” माधवशेठचा आवाज गोडाऊनपर्यंत गेला. “चपलांचं ठेवता, भाजीभाकरीचं ठेवता, आन् माझ्या कंपनीचं न्हाई? लाज वाटाया पायजे!” आप्पा खाली मान घालून ऐकत राहिले. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी लोक त्यांना हसले तीच नेमकी त्यांच्याकडून राहिली, असं सगळ्या ऑफिसासमोर झालं. मला इतकं वाईट वाटलं की ओरडून सांगावं, शेठ, त्यांच्या कमरेला आहे! पण विटा आठवल्या आणि मी जीभ चावली. शेठही, का कोण जाणे, एकदम थांबले. आप्पांच्या हाताकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, “मंग आता? उलटं फिरवता येत न्हाई का?”

“येतं की. पन मंग तुम्ही बी केशव व्हाल. तुम्ही कोन आन् ते कोन, हे मशीनला आता वळखू येत न्हाई. दोघांनी शेजारी बसायचं, मी येकेक वळ वाचीन, ज्याचं त्यानं सांगायचं.”

बोलवायला मला पाठवलं. केशवशेठ खुर्चीत बसून आमच्याच गेटकडे बघत होते. मी सांगितलं, “शेठ, फायलीत सगळीकडं माधवशेठच झालेत. तुमचं कुठलं, त्यांचं कुठलं, ते निवडायला या.”

“म्हंजे मी कुठंच न्हाई?”

“एका बी ओळीत न्हाई.”

एवढा मोठा माणूस, पण त्यांचा चेहरा बघवेना. “वडील गेले तवापासून मी तिथं हाये ओ,” म्हणाले, आणि उठून माझ्या आधी रस्ता ओलांडून गेले.

केबिनमध्ये आप्पा मध्ये आणि दोघं दोन्हीकडे. पहिल्यांदा सगळं आप्पांच्या मार्फत चाललं होतं. “आप्पा, त्याला सांगा, ते मी.” “आप्पा, त्यांना म्हनावं, साफ खोटं.” मी दुरुस्त्या लिहून घ्यायला बसले होते. मीटिंगची टिपणं आप्पांनीच लिहिलेली, त्यामुळे त्यांत जगातलं सगळं होतं.

“‘प्लॉट बघताना माधवशेठ विहिरीत पडले.’ कोन?” आप्पांनी विचारलं.

“मी,” केशवशेठ म्हणाले.

“हाच. आन् दोर मी टाकला,” माधवशेठ म्हणाले.

“दोर पुढच्या वळीत हाये,” आप्पा म्हणाले आणि वाचलं, “‘माधवशेठनी दोर टाकून माधवशेठना वर काढलं. मंग माधवशेठ माधवशेठवर लय रागावले.’”

आधी केशवशेठ फुटले, मग माधवशेठ. मला पदर तोंडात कोंबावा लागला. आप्पा मात्र हसले नाहीत. ते पुढची ओळ शोधत होते, आणि मला वाटतं ती त्यांना चांगली ठाऊक होती.

“‘माधवशेठ दवाखान्यात असल्यानं आजची मीटिंग माधवशेठनी घेतली. माधवशेठ मध्येच उठून माधवशेठला बघायला गेले. मीटिंग तशीच राहिली.’ दवाखान्यात कोन?”

“मी,” माधवशेठ म्हणाले. मग सरळ भावाकडे वळून विचारलं, “तू मीटिंग सोडून आल्ता?”

“आल्तो. तुम्ही झोपल्ते, दादा.”

“मला कुनी सांगितलं न्हाई.”

“सांगायचं काय त्याच्यात!”

आप्पा म्हणाले, “ताई, लिहून घ्या, बघायला गेले ते केशवशेठ.” मी लिहून घेतलं. लिहिताना मला कागद नीट दिसत नव्हता, हे मी कबूल करते.

ते निवडायचं काम पुढं कित्येक आठवडे चाललं. आप्पा मुद्दाम सावकाश वाचायचे. समोरचं शटर कधी बंद झालं ते आमच्या लक्षातसुद्धा आलं नाही. विटांचा गेटपाशी गाड्यांसाठी ओटा झाला, माझी स्कूटी आता त्याच्यावर असते. आम्ही चौघी जिथल्या तिथं राहिलो. रंगाचं काय करायचं, ह्यावर पुन्हा दोन दिवस आरडाओरडा झाला, पण एका आवाजात. शेवटी गुलाबी आणि निळा दोन्ही एकत्र ओतले. आमचं बी तेव्हापासून जांभळं.

आप्पांचं मात्र व्हायचं ते झालं. हमालापासून टेम्पोवाल्यापर्यंत जो तो विचारायचा, “आप्पा, जुनं घेतलं का?” ते हसायचे आणि पुढं जायचे. मी एकदा जेवणाच्या सुट्टीत हळूच म्हटलं, “आप्पा, मग कमरेला काय आहे ते?”

“करदोटा,” आप्पा म्हणाले आणि पहिला डबा उघडला.

यंदा ते रिटायर झाले. निरोपाला दोन शाली दिल्या, दोन नारळ दिले. एकेक जुनं म्हणून. भाषण करायला उभं केलं तर म्हणाले, “लातूरवाल्यांची माफी मागतो,” आणि बसले. मिशीची पुडी आठवणीनं ड्रॉवरमधून काढून घेतली. मग दोन पिशव्या गाडीला लावून निघाले, गेटपाशी पाय टेकून एकदा कमरेला हात लावून बघितला आणि टेंभुर्णीच्या रस्त्याला लागले.

मी आणि माधवशेठ गेटमध्ये उभे होतो. आता आप्पा गेलेच आहेत तर त्यांच्यावरचा एवढा डाग तरी काढावा, असं मला वाटलं.

“शेठ, एक सांगू का? त्या वेळेला आप्पांनी जुनं घेतलं होतं. कमरेलाच होतं त्यांच्या.”

“मला माहीत हाये की,” माधवशेठ म्हणाले.

“मग तुम्ही मागून का नाही घेतलं? एवढं बोललात त्यांना सगळ्यांसमोर!”

आतून केशवशेठ ओरडले, “दादा, चहा गार होऊन राह्यला!” माधवशेठ वळले, दोन पावलं गेले आणि थांबले.

“अजून येकदा मागितलं असतं, तर दिलं असतं ओ त्यांनी. मंग केशवला कशाच्या नावाखाली बोलवलं असतं मी?”